डिट्रॉईटची विद्या आणि सांगलीचा पाट

अमेरिकेतल्या डिट्रॉईट नावाच्या शहरानं माझी जुळत आलेली सोयरीक मोडली. त्या शहराचं मी काहीही वाकडं केलेलं नव्हतं. ते नकाशात कुठं येतं हेसुद्धा मला ठाऊक नव्हतं. (अजूनही नाही, आणि आता कुणाला विचारणारही नाही!)

आणीबाणी नुकतीच उठली होती. मी साताऱ्याला एका सरकारी कचेरीत कारकून होतो. नोकरी कायम, घरचा ऊस, पण अंगापिंडानं असा, की दोरीवर शर्ट वाळत घातलाय की वसंता उभा आहे, हे शेजाऱ्यांना जवळ आल्याशिवाय कळत नसे. अशात सांगलीचं स्थळ आलं. मुलीचे वडील फौजेतून सुभेदार होऊन परतलेले, आता तालीम चालवणारे. अख्खी पेठ त्यांना वस्ताद म्हणायची. मुलीचं नाव शालन. तिला मी एका लग्नात जिलबी वाढताना पाहिलं होतं. ती पुन्हा आपल्या पानाशी यावी म्हणून मी त्या दिवशी नऊ जिलब्या खाल्ल्या आणि पुढचे दोन दिवस लंघन केलं. यावरून माझ्या भावना किती खोल होत्या ते समजून घ्या.

वस्तादांचा निरोप आला, "जावाई कारकून आसला तरी चालंल, पर अंगात रग पायजे. तीन आठवड्यांनी या. तुमी पोरगी बघा, आमी पोरगं बघतो."

तीन आठवड्यांत रग कुठून आणायची? आमचे अण्णा (म्हणजे वडील, स्वतः निवृत्त हवालदार) म्हणाले, "तालमीत जा, चार जोर मार." जोर मारले. चौथ्याला दोघांनी मला उचलून घरी आणलं.

नेमक्या त्याच आठवड्यात माझा आत्तेभाऊ दिलीप अमेरिकेहून आला. आत्याचे यजमान डिट्रॉईटला मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. दिलीप पाच वर्षांचा असताना तिकडं गेला, तो आता बाविसाव्या वर्षी आजोळ बघायला येत होता. मी आठवडाभर इंग्रजीचा सराव केला. एस.टी. स्टँडवर तो गाडीतून उतरला, तर डोक्यावर केसांचं हे एवढं मधमाश्यांचं पोळं, आणि पायात बायकांच्या असतात तशा काळ्या कापडी सपाता!

मी पुढं होऊन म्हटलं, "वेलकम! व्हेअर इज युवर लगेज?"

"हितंच हाय की, दादा!" तो म्हणाला. "आन् तू आसा का बोलाय लागलायस? बरा हायस न्हवं?"

आत्यानं गाव सोडताना जी भाषा गाठोड्यात बांधून नेली होती, तीच पोरानं जशीच्या तशी परत आणली होती. मी कचेरीत राहून शुद्ध झालेला, आणि हा अमेरिकेत राहून रहिमतपूरच्या बाजाराचा! स्टँडवरच्या लोकांनी त्याला सातारचा ठरवलं आणि मला परगावचा. अन्यायाला तिथूनच सुरुवात झाली.

घरी आल्यावर अण्णांनी विचारलं, "काय शिकलास रं तिकडं?"

"कुंगफू!" म्हणत दिलीपनं पाय असा वर नेला, की छतावरच्या पंख्याचं पातं वाजलं. आईचा हातातला तांब्या पडला.

मग त्यानं सगळं सांगितलं. "डिट्रॉईटला मधल्या पेठंत जुनी थेटरं हायती. गोरं लोक लांब ऱ्हायाला गेलं, थेटरं वस पडली. मंग तितं चिनी मारामारीचं पिच्चर लागाय लागलं. एका तिकिटात तीन! थेटर भरून काळी पोरं, आन् त्यात मी. पिच्चर सुटला की जो त्यो लाथा झाडतोय. न्हाव्याच्या दुकानात लाथा, बस थांब्यावर लाथा. आमच्या गल्लीतला काळा टपालवाला तर चर्चच्या तळघरात शिकवतो. त्योच माजा गुरू."

"पर एवढं काय हाय त्या पिच्चरात?" अण्णांनी विचारलं.

"मामा, त्यात एक गरीब माणूस आसतो. हातात काठी न्हाई, खिशात काय न्हाई. आन् त्यो मालकाच्या धा गुंडांस्नी लोळवतो. त्या पोरांस्नी वाटतं, ह्यो तर आपलाच की!"

मला तत्काळ आमचे हेडक्लार्क आठवले. विद्या पटली.

अण्णा मात्र खवळले. "अमेरिकंला जाऊन चीनची विद्या शिकला, ती बी टपालवाल्याकडनं! आरं, घरामागं तालीम हाय आपल्या!"

पण मी ठरवून टाकलं होतं. वस्तादांना कुस्तीतलं सगळं कळतं, कुंगफूतलं काहीच कळत नाही. म्हणजे जिथं परीक्षकच अडाणी, त्या विषयात आपण पहिले! (हे गणित चुकलं कुठं, ते अजून मला कोणी सांगितलेलं नाही.)

दुसऱ्या दिवसापासून परसात शिकवणी सुरू. दिलीप म्हणाला, "आदी घोड्यावर बसल्यावानी हुबा ऱ्हा. धा मिंटं."

मी पाय फाकवून, गुडघे वाकवून उभा राहिलो. तेवढ्यात आई आली.

"आवं, बगितलं का! वसंताचं पोट बिगाडलंय!"

"पोट नाही गं, अभ्यास चाललाय!"

"मंग आत जाऊन कर की! शेजारीपाजारी बगत्यात."

आठवडा झाला आणि गाडी फळ्या फोडण्यावर आली. दिवस आंब्यांचे. फळवाल्याकडून रिकाम्या पेट्या आणायच्या, दिलीपनं एकेक फळी दोन्ही हातांत धरायची आणि मी "ह्याऽऽ!" करून तळहाताच्या कडेनं हाणायची. पहिली फळी फुटली तेव्हा मी स्वतःच दचकलो. मग मात्र सुटलोच! दिवसाला दहा, वीस, तीस. आईचा बंब आठवडाभर माझ्या पराक्रमावर तापला. आता तुम्ही म्हणाल, आंब्याच्या पेटीची फळी म्हणजे काय, जाड माणसानं नुसतं रोखून पाहिलं तरी फुटते. पण हे तुम्ही आता म्हणताय. तेव्हा का नाही कोणी म्हणालं?

दिलीप तेवढा एकदा म्हणाला, "दादा, मला सोताला ह्येतलं लय काय येत न्हाई बरं का. मी पिच्चरच जास्ती बगितलं."

मला वाटलं, विनय.

ठरल्या दिवशी अण्णा, दिलीप आणि मी सांगलीला गेलो. मी परीटघडीची पांढरी पँट घातली होती, जी शिंप्यानं मापाला इमान राखून अगदी तंग शिवली होती. वस्तादांच्या घरी सोप्यात जाजम अंथरलं होतं. पोहे आले. शालन आली, बशा ठेवल्या, दाराआड जाऊन उभी राहिली. वस्तादांनी माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या मागं पाहिलं, मुलगा आणखी कोणी असेल म्हणून.

"पावनं, कवा लंगोट लावला हुता का?"

"नाही," मी गंभीरपणे म्हणालो. "आम्ही कुंगफू करतो."

"त्ये काय आसतंय? कशासंगट खात्यात?"

"हातानं फळी फोडतो आम्ही!"

दाराआडची बांगडी वाजली. ती वाजली नसती तर मी पुढचं बोललो नसतो, हे मी शपथेवर सांगतो.

"असली तर आणा एखादी. इथंच फोडतो."

"फळी तर न्हाई," वस्ताद उठत म्हणाले, "पर माजा जेवायचा पाट हाय."

पाट आला. तो बाभळीचा होता. वस्तादांच्या आजोबांनी मोडक्या बैलगाडीच्या लाकडातून करून घेतलेला, तीन बोटं जाड, आणि तीन पिढ्यांच्या पैलवानांनी बसून बसून दाबून पक्का केलेला. वस्तादांनी एका बाजूनं धरला, त्यांच्या तालमीतल्या पठ्ठ्यानं दुसऱ्या बाजूनं.

दिलीप माझ्या कानाशी लागला, "दादा, नगं. न्हाई म्हन."

आता कसं नाही म्हणणार? मी घोड्यावर बसल्यासारखा उभा राहिलो. अण्णांनी डोळे मिटले. मी सगळी ताकद गोळा केली आणि "ह्याऽऽऽ!"

गोठ्यातली म्हैस दावं तोडून उभी राहिली. कडाड् असा आवाज झाला. सगळ्यांनी पाटाकडं पाहिलं. पाटाला काहीच झालेलं नव्हतं. आवाज माझ्यातून आला होता.

डोळ्यांपुढं काजवे, पण चेहरा हसरा ठेवून मी म्हणालो, "हा नमस्कार होता. आता खरं." आणि हात गेला तर पाय आहे, अशा हिशेबानं मी उजवी लाथ उचलली. अर्ध्या वाटेत तंग पँट टर्रकन फाटली, नेम ढळला, आणि माझा पाय पाट सोडून थेट वस्तादांच्या हातात गेला.

त्यांची चूक नव्हती. चाळीस वर्षं आखाड्यात काढलेला माणूस. हाताशी पाय आला की डोकं विचार करायच्या आत हात एकेरी पट काढून मोकळा! त्यांनी पाट टाकला, पाय ओढला, मला गरकन फिरवलं, आणि मी पोह्यांच्या बशांमध्ये सपशेल चीत! छातीवर होणारे सासरे!

आणि माझे वडील, ज्यांनी मला जन्म दिला ते माझे सख्खे वडील, उभे राहून ओरडले, "वाऽऽ वस्ताद! काय पट काढला!"

सांगा, कोणाकडं दाद मागायची?

मी पोहे झटकत उठलो आणि शांतपणे खुलासा केला. म्हटलं, पाय निसटला. जाजम गुळगुळीत होतं. शिंप्यानं पँट तंग शिवली. प्रवासात पोट हललं होतं. फळी म्हणजे देवदाराची लागते, बाभळीची नियमात बसत नाही. आणि पोह्यांत तेल जास्त होतं.

वस्ताद दिलीपकडं वळले. "तूच न्हवं का ह्येचा गुरू? तू फोडतोस का पाट?"

"न्हाई वो, आबा," दिलीप म्हणाला. "मला कायबी येत न्हाई. मी निस्तं पिच्चर बगितलं. पर तुमी आता काढला त्यो डाव मला शिकवाल का?"

वस्ताद पोट धरून हसले. बरोबरचा पठ्ठ्या हसला. दाराआडून बांगड्या पुन्हा वाजल्या, पण या वेळी सूर वेगळा होता.

मी हात गळ्यातल्या झोळीत अडकवून साताऱ्याला परतलो. दिलीप डाव शिकायला आठ दिवस सांगलीतच राहिला. नवव्या दिवशी वस्तादांचं पत्र आलं. पोरगी द्यायला ते तयार होते. दिलीपला!

मी घर डोक्यावर घेतलं. अण्णा म्हणाले, "वरडू नगंस. पोरगी आपल्याच घरात येतीय न्हवं?"

दिलीप म्हणाला, "दादा, तू न्हाई म्हन, मी उद्याच्या इमानानं जातो." मी काय नाही म्हणणार? पण एक अट घातली. म्हटलं, मला नाकारायचं कारण तिनं स्वतः सांगावं.

लग्नाच्या मांडवात शालननं सांगितलं. खाली मान घालून, पण स्पष्ट.

"भावजी, तुमी पडला त्येचं मला काय न्हाई वाटलं. आमच्या घरी रोज कोन ना कोन पडतंय. पर पडल्यावर तुमी सा सबबी सांगितल्या. मी मोजल्या. सबबी सांगनारा मानूस मला न्हाई चालत."

मी! सबबी! इतकी वर्षं झाली, तरी तो खोटा आरोप आठवला की माझं रक्त उसळतं. मी आयुष्यात कधी सबब सांगितलेली नाही, आणि तेव्हाही सांगितली नव्हती. पाटच बाभळीचा होता, त्याला मी काय करू?