दासी मेण्यात बसली

"दरबारात कुणी कुणाचं नसतं," असं म्हणून आमच्या इतिहासाच्या बाई चष्मा काढायच्या, पदरानं पुसायच्या आणि परत चढवून वर्गाकडे अशा बघायच्या, की जणू आम्ही सगळ्या जणी त्यांच्याविरुद्ध कट करूनच बसलोय. तुमच्याही शाळेत असं एखादं पात्र असेलच. अशांबद्दल लोक नंतर गोड गोड बोलतात. मी बोलणार नाही. मला बाई आवडत नव्हत्या.

पनवेलच्या त्या मुलींच्या शाळेत खेड्यावरून आलेल्या आम्ही जेमतेम चार. मी जवळच्या ओवे गावची. बाप नव्हता, आई मिठागरात राबायची आणि मी मावशीकडे राहून शिकत होते. माझ्या तोंडून 'नाय' निघालं, की बाई वर्ग थांबवायच्या. "नाही म्हण. पुन्हा म्हण." सगळा वर्ग खिदळायचा. माझ्या अंगाची लाही व्हायची.

बाईंचं वेड म्हणजे चीन. पुस्तकात चीनला दीड पान, बाईंना महिना पुरायचा नाही. कुठल्या राणीनं सवतीला चहातून विष घातलं, कुठल्या राजकन्येनं सख्ख्या भावाला गादीवरून ओढलं, कुठल्या बादशहाची आई पडद्यामागं बसून राज्य हाकायची! सांगताना आवाज एकदम खाली, जणू भिंतीपलीकडे मुख्याध्यापिका कान लावून आहेत. शिक्षकांच्या खोलीतही त्यांना दरबारच दिसायचा. कुणी चहा दिला, की म्हणायच्या, "आधी तुम्ही घ्या." म्हणायच्या हसत, पण प्यायच्या मात्र खरंच नंतर.

त्या वर्षी हिंदी-चिनी भाई-भाईची हवा होती. बाईंनी संमेलनासाठी चिनी नाटक लिहिलं. उत्तरेकडचे घोडेवाले सरहद्दीवर येऊन उभे राहतात. त्यांचा सरदार म्हणतो, राजकन्या द्या, नाहीतर लढाई. बादशहाला पोटची पोर द्यायची नसते. मग तो महालातल्या एका दासीला राजकन्येचा किताब देतो, नटवतो आणि मेण्यात बसवून रवाना करतो.

"हे माझ्या मनचं नाही हं," बाई म्हणाल्या. "असं खरंच करायचे. इतिहासात ढवळाढवळ मला खपत नाही."

दासी मी होते. सगळं नाटकभर मान खाली घालून उभं राहायचं, पण शेवटचा निरोप माझा. 'ज्यांनी मला कधी हाक मारली नाही, त्यांच्या लेकीचं नाव घेऊन मी चालले आहे,' अशी त्याची सुरुवात. मावशीच्या विहिरीवर पाणी ओढताना मी तो घोकायची. आईला सांगावा धाडला, "आये, नक्की ये. मी बोलणार हाय." आईनं माझी शाळा कधी पाहिलीच नव्हती.

राजकन्या होती शाळेच्या कमिटीच्या अध्यक्षांची मुलगी. चार दिवस उरले असताना अध्यक्ष तालमीला येऊन बसले. दुसऱ्या दिवशी बाईंनी वहीतला माझा निरोप लाल शाईनं खोडला. आता राजकन्याच जाणार आणि निरोपही तीच घेणार. मी मेण्याचा पडदा धरायचा.

"पण बाई, तुम्हीच सांगितलंत, दासी गेली म्हणून!"

"दासी गेली, तर बघणाऱ्यांत रडणार कोण?" बाईंनी चष्मा काढला. "दरबारात कुणी कुणाचं नसतं, पोरी."

थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं. लाळघोटी मेली! बादशहांच्या चुका काढणारी ही बाई, आणि एका अध्यक्षापुढं शेपूट घातलीन्.

संमेलन दुपारी होतं. मेणा म्हणजे ऑफिसातली खुर्ची, दोन बांबू आणि कुणाच्या तरी आईचा शालू. राजकन्या पुढं झाली. मी पडदा वर धरला आणि मागं लोकांत मला आई दिसली. ठेवणीतलं लुगडं नेसून, टाचा उंचावून मलाच शोधत होती. मग काय झालं ते माझं मलाच कळलं नाही. मी आत शिरले आणि खुर्चीत बसले.

"उचला," मी म्हटलं.

भोई झालेल्या मुलींना वाटलं, नाटक पुन्हा बदललं असेल. रोजच तर बदलत होतं! त्यांनी उचललं. राजकन्या आ वासून बघत राहिली. आता मी बोलायचं, आणि मला एक अक्षर आठवेना.

तेवढ्यात विंगेतून आवाज आला, अगदी हळू. "ज्यांनी मला कधी हाक मारली नाही..." बाई होत्या. हातातली वही मिटलेली होती. एकेक वाक्य त्या पुरवत गेल्या आणि मी बोलत गेले, शेवटपर्यंत. राजकन्या रडली, ती रागानं. लोकांना वाटलं काय अभिनय! टाळ्यांच्या कडकडाटातून मागून आईचा आवाज आला, "माजी पोर हाय ती!"

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांच्या खोलीत कमिटी बसली. मला दाराबाहेर उभं केलं होतं. शाळेतून काढणार हे ठरल्यासारखंच होतं. मावशीनं सकाळीच माझी ट्रंक भरून ठेवली होती. आतून अध्यक्षांचा आवाज चढत गेला आणि मग बाईंचा आला. वर्गात असायचा तसाच, खणखणीत.

"मुलीला मीच तसं करायला सांगितलं होतं. तिला बोलू नका."

बाहेर आल्या तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मी शाळेत राहिले. त्यांना महिनाअखेर जायला सांगितलं.

एस.टी. स्टँडवर मी गेले होते. उसाच्या गुऱ्हाळाआड उभी राहिले. बाई एकट्याच होत्या. शाळेतलं चिटपाखरू आलं नव्हतं, रोज चहा देणाऱ्याही नाहीत. ट्रंक टपावर चढली. बाई खिडकीशी बसल्या आणि चष्मा काढून पुसत राहिल्या. पुढं जाऊन पाया पडले असते, तर काय बिघडलं असतं? पण मला वाटलं, का म्हणून? निरोप खोडला कुणी? आणि मला वाचवा म्हणून मी काय त्यांच्या हातापाया पडले होते?

गाडी पेणच्या रस्त्याला लागली. बघणाऱ्यांत रडणार कोण, असं त्यांनी मला विचारलं होतं. त्या दिवशी बघणारी मी एकटीच होते. मी रडले नाही.