मासळीच्या ओट्यावरची देवी

विकासाची गंगा शेवटच्या माणसाच्या दारापर्यंत पोहोचली पाहिजे. आमच्या कोपरीत ती पोहोचली, अर्ध्या इंचाच्या नळातून.

हा नळ नव्या मासळी मंडईतला. मंडई व्हावी म्हणून आम्ही काही रहिवासी पालिकेत खेटे घालत होतो. त्यात आमचा स्वार्थ होताच. सोसायटीच्या फाटकासमोर बसणाऱ्या कोळीण मावशींना छप्पर मिळालं असतं आणि आम्हाला फाटकातून कोरड्या पायांनी बाहेर पडता आलं असतं. मावशींना मात्र छपरापेक्षा नळ हवा होता. मासळी धुवायला त्या आमच्या वॉचमनकडून बादल्या भरून नेत, त्याही त्याचा मूड बघून.

उद्घाटनाच्या प्रत्येक भाषणात 'सर्वसमावेशक' हा शब्द आला. एका वक्त्याला तो दुसऱ्या प्रयत्नात जमला. मावशींना नळाशेजारचा ओटा मिळाला. धंदा मांडण्याआधी त्यांनी मागच्या भिंतीवर आपल्या कुलदेवीचा फोटो लावला, नारळ फोडला आणि पहिल्या पापलेटाचा नैवेद्य दाखवला.

शेजारच्या ओट्यांवरच्या कोळणी पाया पडू लागल्या, मग गिऱ्हाइकं. कुणी फोटोखाली संगमरवरी फरशी बसवून दिली, कुणी घंटा. नवरात्रात वॉर्डातल्या पोरांनी मंडळ काढलं आणि स्टीलचं रेलिंग आलं. आपल्या देवीचं एवढं कौतुक बघून मावशी हरखल्या. आरतीचा पहिला मान त्यांचाच असे. दसरा झाल्यावर मंडळाचे अध्यक्ष हात जोडून त्यांच्या ओट्याशी आले.

"मावशी, देवीसमोर मासळी बरी नाही दिसत."

"माझीच देवी हाय रे. तिला मावरं चालतं."

"तुमच्या घरी चालत असेल. आता ती सगळ्यांची झाली ना."

मी पालिकेत जाऊन विचारलं. मंडई आमच्या अखत्यारीत आहे, देवस्थान नाही, असं साहेबांनी सांगितलं. चहा मात्र पाजला.

शेजारणींनी ओट्यांवर मासळीऐवजी वेण्या, नारळ आणि ओटीचं सामान मांडलं. त्यांचं बरं चाललंय. मंगळवारी-शुक्रवारी दर्शनाची रांग आमच्या फाटकापर्यंत येते, आणि मासळीची पाटी घेऊन पुन्हा तिथेच बसलेल्या मावशींना थोडं सरकून बसावं लागतं.

मंडईच्या नळाला दिवसभर पाणी असतं. मावशी बादल्या वॉचमनकडून भरून नेतात.