राखेनं घासलेली बाटली

प्रेमला सातवीत माझ्या वर्गात होती. दुर्ग लाइनवरच्या गँगमनची मुलगी. तिच्याकडे फ्रॉक दोनच, तरी मला तिचा हेवा वाटायचा. कृष्णराव सर काहीही विचारोत, पहिला हात तिचाच वर.

एकसष्ट साली सरांनी आम्हाला हथखोजच्या नाल्यावर पाणी तपासायला नेलं. पाणी भरायला दोघींना निवडलं, तिला आणि मला. जिचं पाणी बरोबर निघेल ती सरांबरोबर कारखान्याच्या प्रयोगशाळेत जाणार. माझे बाबा कारखान्यात फिटर, पण मी आत कधी पाय ठेवला नव्हता. मलाच जायचं होतं.

"बाटली आधी नाल्याच्याच पाण्यानं तीनदा खंगाळा," सर म्हणाले. प्रेमलानं खंगाळली. गढूळ पाण्यानं धुणं, हे कसलं धुणं? मी तर घरूनच देवाच्या तांब्यासारखी ओल्या राखेनं घासून, काडीला फडकं बांधून आतून पुसून आणली होती. तशीच भरली.

शाळेत सरांनी लाल लिटमस कागद बुडवला. तिच्या पाण्यात लालच राहिला, माझ्या पाण्यात निळा झाला.

"एकाच नाल्याचं पाणी आणि दोन तऱ्हा? कोणाची बाटली खराब होती?"

प्रेमलानं माझ्या बाटलीच्या तोंडात बोट फिरवलं आणि हळूच म्हणाली, "नलू, राखेनं घासली का वं?"

"तुले काय करायचं? तुयापेक्षा साफ आहे."

"साफ आहे म्हनूनच तं! राखेचा खार रायला आत."

खरं कळेपर्यंत कोणीच जाणार नाही, असं सरांनी सांगितलं. मला बरं वाटलं. मी नाही, तर तीही नाही.

दुसऱ्या दिवशी प्रेमला पहाटेच पायी नाल्यावर जाऊन तिसरी बाटली भरून आली. कागद लालच राहिला. सर तिला घेऊन गेले.

परत आली ती धावतच माझ्याकडे. "नलू, तुया बाबाले पाह्यलं वं! डोक्यावर टोपी, हातात हा एवढा पाना! नलूची मैत्रीण म्हटलं तं मले चहा पाजला."

माझे बाबा. कारखान्यात माझ्या आधी तिनं पाहिले.

राखेचं तिनं सरांना सांगितलंच नव्हतं. सांगितलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

आता ती कुम्हारीला शाळेत विज्ञान शिकवते. मी त्या संध्याकाळी दिवा लावून देवाला सगळं, माझा हेवासुद्धा, सांगितलं होतं. प्रेमलाला अजून नाही.