शनिवारी हात बंद

आमच्या घोडेगावातल्या गुरांच्या डॉक्टरांचे हात आठवड्यातून एक दिवस बंद असत. तोंड मात्र सातही दिवस उघडं. शुक्रवारी सूर्य बुडाला की ते इंजेक्शनची पेटी कपाटात ठेवत आणि शनिवारी संध्याकाळी आकाशात तीन चांदण्या दिसेपर्यंत पेटीलाच काय, गाईच्या शेपटीलाही हात लावत नसत. पावसाळ्यात ढग आले की पंचाईत व्हायची. मग म्हशींचे व्यापारी बबनराव ओट्यावरून मान वर करून सांगायचे, "काका, तीन झाल्या, एक जास्तीची बी हाय." डॉक्टरकाका स्वतः बाहेर येऊन मोजून घेत. बबनरावांवर त्यांचा म्हशीच्या वयाच्या बाबतीतही विश्वास नव्हता.

ते ज्यू होते. त्यांचे वडील साखर कारखान्यात मिस्त्री म्हणून कोकणातून इकडे आले आणि इथलेच झाले. काकांचा जन्म इथला, बोली इथली, आणि भांडायची पद्धतही इथलीच. आपल्या पूर्वजांचा देश समुद्रापलीकडे आहे, असं ते सांगत, पण त्यात फुशारकी नसे. "आमच्या आज्याला कोकनात शनवार तेली म्हनायचे. शनवारी घाना बंद म्हनून," ते म्हणत. "तेल गेलं, घाना गेला, शनवार तेवडा राह्यला." सुरुवातीला गावातल्या काही जणांना हा मारुतीचा उपास वाटला होता. पण शनिवारी काका दोन्ही वेळा पोटभर जेवत, त्यामुळे तो संशय फिटला. मग गावानं फार चौकशी केली नाही. कुणाचा सोमवार असतो, कुणाचा गुरुवार, तसा डॉक्टरांचा शनिवार.

अडचण एवढीच की आमच्याकडे जनावरांचा बाजार भरतो शुक्रवारी. दिवसभर काकांना उसंत नसायची. दात बघा, कास बघा, खूर बघा. आणि ऐन सौद्याच्या वेळी सूर्य कलायला लागला की काका घड्याळ बघायला लागत. लबाड व्यापारी त्याच वेळेची वाट बघायचे. एकदा बबनरावांनीच अशी एक म्हैस दिवेलागणीनंतर दावणीला आणली आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, विचारा की डॉक्टरला. काका हात पाठीमागे बांधून म्हशीभोवती एक चक्कर मारून आले. म्हणाले, "मी हात लावनार न्हाई. पन मागचा डावा पाय ती बी जमिनीला लावना. डोळ्याला काय शनवार नसतो." सौदा मोडला. बबनराव आठ दिवस बोलले नाहीत आणि नवव्या दिवशी चहा पाजायला आले.

शनिवारी कुणाची गाय अडली तर काका यायचे, पण खुर्ची घेऊन. घडीची लोखंडी खुर्ची होती ती, आणि ती गाईच्या मालकानं उचलायची. गोठ्याच्या दारात खुर्ची मांडून काका बसत आणि तिथून आम्हाला राबवत. हात साबणानं धू. नखं काढली का? आता आत घाल, बघ, खूर लागतोय का गुडघा? माझ्यासारख्या हायस्कुलातल्या मास्तरालाही त्यांनी असं बसल्या जागेवरून वासरू ओढायला शिकवलं. मी त्यांना एकदा म्हणालो, काका, तुम्ही स्वतः पाच मिनिटांत केलं असतं, ते आम्हाला तासभर लागलं. ते म्हणाले, "म्हनूनच तुला आलं."

हा नियम त्यांनी एकदाच मोडला, आणि तो माझ्या गोठ्यात. माझी चंद्री नावाची म्हैस शनिवारी सकाळी व्यायला लागली. रेडकाची मान मागे वळलेली. बबनराव आणि मी आळीपाळीनं हात घालून थकलो, म्हशीनं मान टाकली. काका खुर्चीत बसून सांगत होते, खाली, अजून खाली, आणि त्यांचा आवाज हळूहळू बारीक होत गेला. मग बबनराव दोर आणायला घरी गेले आणि गोठ्यात आम्ही दोघंच उरलो. काका उठले. मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं, बाह्या सारल्या आणि खाली बसले. बबनराव दोर घेऊन परत आले तेव्हा रेडी शेणात पाय फाकवून पडली होती आणि काका पुन्हा खुर्चीत होते. मी केलं, असं मी सांगितलं. माझी चंद्री वाचली याच्या आनंदात मला खोटं बोलल्याचंही काही वाटलं नाही.

त्यानंतर एक बदल झाला. काका शुक्रवारी सूर्यास्ताच्या एक तास आधीच पेटी बंद करू लागले. बाजारातले लोक म्हणाले, डॉक्टर म्हातारा झाला. मला कारण ठाऊक होतं, पण मी कुणाला सांगितलं नाही.

पुढे काकू गेल्या. शुक्रवारी तिन्हीसांजेला त्या खिडकीत तेलाचे दिवे लावायच्या. ते आता काका लावू लागले, पण त्यांच्या हातून वाती नेहमी जाड व्हायच्या. मुलगी नर्स होऊन इस्राएलला गेली होती, ती कायमचं या म्हणून मागे लागली. काका बरेच दिवस ऐकेनात. मग एका रविवारी माझ्याकडे आले आणि म्हणाले, जातो. मी म्हणालो, मुलीसाठी ना? ते म्हणाले, "पोरगी तर हायच. पन मास्तर, सारा जन्म मी शनवार एकट्यानं पाळला. एकदा सगळ्या गावाबरुबर पाळून बघायचाय. सगळीच दुकानं बंद, सगळ्यांचेच हात बंद. मंग कळंल मी कोन हाय ते." खरं सांगायचं तर मला राग आला होता.

तिकडे कायमचं राहायचं तर आपण ज्यू असल्याचं पत्र लागतं, आणि ते त्यांच्या पुण्याच्या प्रार्थनामंदिरातून मिळणार होतं. काका तिथे वर्षातून एकदा मोठ्या उपासाला जात, तेवढीच ओळख. तिथले वयस्कर प्रमुख भारी चिकित्सक निघाले. कागद ठीक आहेत, पण घरी धर्म कसा पाळता ते सांगणारे कुणी आणा, म्हणाले. मग आम्ही बबनरावांच्या पिकअपमध्ये पुढे तिघं दाटीवाटीनं बसून पुण्याला गेलो. बबनरावांनी गाडी धुतली होती, तरी आदल्या दिवशीची म्हैस आमच्याबरोबर पुण्यापर्यंत आली.

बबनरावांची साक्ष आधी झाली. त्यांनी अभिमानानं सांगितलं की डॉक्टर शनिवारी खुर्चीत बसतात आणि सगळं काम आमच्याकडून करून घेतात. प्रमुखांच्या कपाळाला आठी पडली. "अहो, दुसऱ्याकडूनही करून घ्यायचं नसतं," ते म्हणाले. बबनराव गडबडले. सावरायला म्हणून त्यांनी पुढे सांगितलं की नुसतं बोलायचे, आणि बोलायचे मात्र लई. आठी आणखी खोल गेली. शेवटी प्रमुखांनी माझ्याकडे बघून विचारलं, "मास्तर, यांनी स्वतःच्या हातानं शनिवार कधी मोडला का?"

"कवाच न्हाई," माझ्याआधी बबनराव म्हणाले.

माझ्या मनात दोन माणसं भांडत होती. एक म्हणत होता, खोटं बोलू नकोस, देवाचं ठिकाण आहे. दुसरा म्हणत होता, खरं सांग, पत्र अडेल, काका राहतील. दोघंही एकच गोष्ट सांगत होते, आणि त्यातला दुसरा जास्त जोरात बोलत होता, याची मला आजही लाज वाटते. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "सांग, मास्तर."

मी चंद्रीची हकिगत सांगितली. बबनराव तोंड उघडं ठेवून ऐकत राहिले. दोर आणायला उगाच पळवलं, एवढंच ते म्हणाले. मग काकांनी उरलेलं स्वतः सांगितलं. तेव्हापासून दर शुक्रवारी एक तास आधी हात बंद करतो. सतरा वर्षं झाली. बरोबर आहे का ते माहीत नाही, विचारायला तालुक्यात कुणी नव्हतं.

प्रमुखांनी चष्मा काढून पुसला. "हे कुठल्याच ग्रंथात नाही," ते म्हणाले. "जनावर वाचवलं यात एवढं मनाला लावून घेण्यासारखं काही नव्हतं. पण एका सकाळपायी सतरा वर्षं मनाला लावून घेणारा माणूस आमचाच." आणि त्यांनी पत्रावर सही केली. परतीच्या वाटेवर काका मला म्हणाले, मला थांबवायचं होतं ना तुला? मी हो म्हणालो. त्यांनी माझ्या मांडीवर थाप मारली.

निघायच्या आधी काकांनी मलिदा केला, त्यांच्याकडचा शुभकार्याचा प्रसाद. पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं, आणि त्यांच्या धर्माच्या भाषेतली प्रार्थना. हे सगळं काकू करायच्या, त्यामुळे गूळ जास्त पडला होता. गावानं परातभर मलिदा संपवला आणि जाऊ नका असं एकानंही म्हटलं नाही, कारण पहिल्यानं म्हटलं असतं तर सगळेच रडले असते. लोखंडी खुर्ची माझ्याकडे आली.

आता ते तिकडच्या वाळवंटातल्या एका गावात राहतात. पाऊस आपल्या नेवासा तालुक्यापेक्षाही कमी, म्हणतात. शनिवारी त्यांच्या चांदण्या निघाल्या की फोन येतो. आमच्या चांदण्या तेव्हा केव्हाच निघालेल्या असतात. सुरुवातीचे फोन खुशीचे होते. मग एकदा आवाज पडलेला वाटला. शनिवारी शेजारी गाडी धुतो, नातवंडं समुद्रावर जातात, मुलीला दवाखान्यात ड्यूटी. "हितं मला इंडियन म्हनतात," ते म्हणाले. "तितं शनवारी डॉक्टर म्हनायचे. निव्वळ ज्यू म्हनायला कुनी तयारच न्हाई. आन शनवार हितं बी माझा मलाच."

मी गावची खबर सांगायला लागलो. काकांच्या दवाखान्याच्या खोलीत एक नवा डॉक्टर आलाय. पदवीवाला, हुशार, आठवड्याचे सातही दिवस दवाखाना उघडा ठेवतो. परवा मला विचारत होता, सर, तुमच्या गावात शनिवारी जनावरं आजारी पडत नाहीत का? बाकी सगळे दिवस रांग असते, शनिवारी माशी फिरकत नाही. मी म्हणालो, शनिवारी दवाखाना बंद असतो. तो म्हणाला, अहो, पण मी उघडा ठेवलाय ना. बबनरावसुद्धा शनिवारी तिकडे जात नाहीत. गाय अडली तर माझ्याकडची खुर्ची नेतात, गोठ्याच्या दारात रिकामी मांडतात आणि स्वतःच हात घालतात.

फोन कटला असं वाटून मी दोनदा हॅलो म्हणालो. मग काकांनी नाक ओढल्याचं ऐकू आलं.

"म्हंजी मास्तर," ते म्हणाले, "मी कदी एकट्यानं पाळलाच न्हाई की."