जगदेवरावांची पूर्व

आमचे हे, म्हणजे जगदेवराव, शाळेत पीटीचे सर होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण अंगातली शिट्टी काही गेली नाही. इकडे हिंदी मुलखात, जयेंद्रगंजातल्या घरून पाटणकर बाजारात दिवसातून तीन खेपा: एक कोथिंबिरीची, एक लिंबांची, एक काडेपेटीची. सगळं एकदम आणा म्हटलं तर विचारतात, "मग दिवसभर करू काय?" पूजासुद्धा घड्याळ लावून सात मिनिटांत. मी बायको, चाळीस वर्षं यांच्यामागे धापा टाकते आहे.

अशा माणसाच्या पोटी अभिराम आला. इथल्या सिटी सेंटरमधली नोकरी सोडून तो कारवारजवळच्या खाडीत शिडाच्या बोटीवर राहायला गेला. तिथेच खातो, तिथेच झोपतो. वारा आला की पुढच्या खाडीत जातो, वाटेत भेटतील त्या बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. यांना ते बघवेना. आमच्यात घरचे देव थोरल्या मुलाकडे जातात आणि अभिराम तर एकुलता एक. "देव सोपवायचे तर घर पाहिजे," असं यांचं म्हणणं. त्याला परत आणायचंच, असं ठरवून आम्ही फेब्रुवारीत निघालो. पूजेत खंड नको म्हणून खंडोबा-भवानीचे चांदीचे टाक स्टीलच्या डब्यात बरोबर घेतले.

बोट अकरा पावलांत संपायची. यांनी ती पहिल्याच दिवशी मोजली आणि मग मोजतच राहिले.

"निघायचं केव्हा?"

"वारा आला की, बाबा. जल्दी क्या है?"

"अरे, तुझ्या वाऱ्याचं काही टाइमिंग आहे की नाही? बैठे-बैठे गुडघे धरले माझे!"

मला मात्र, खरं सांगते, सुख वाटत होतं. काठावर पाय सोडून मी मटार सोलायची. दोन वाट्या मटाराला अख्खी सकाळ पुरायची.

खरा तमाशा पूजेचा. हे पूर्वेकडे तोंड करूनच बसणार, आणि नांगर टाकलेली बोट वाऱ्यापाण्याबरोबर फिरणार. देवांना गंध लागेपर्यंत सूर्य यांच्या कानावर. की उचल पाट, उचल टाक, पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या दिवशी तिसऱ्यांदा पाट उचलताना यांचा तोल गेला.

"ज्या घरात पूर्व जागेवर राहत नाही, त्याला घर म्हणायचं? बस झालं. परवाच्या गाडीने तूही चल."

अभिराम हत्यारांची पेटी घेऊन बसला. दुपारभर करवतीचा आवाज येत राहिला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर हलक्या हाताने फिरेल असा गोल पाट. अंघोळ करून अभिराम स्वतः पूजेला बसला. एकेक टाक त्याने तान्ह्या मुलाला पुसावं तसा पुसला. बोट फिरली की पाट फिरवायचा, आपण सरकून बसायचा, पुन्हा गंध उगाळायचा. कुरकूर नाही, घड्याळाकडे नजर नाही. हे आधी अकरा पावलं येरझारा घालत होते, मग खाली बसले. तासभर बसले. लग्नापासून मी यांना इतका वेळ गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं.

परतीच्या गाडीत डबा यांच्याच मांडीवर होता. अभिरामचा विषय यांनी काढला नाही, मीही नाही. घरी आल्यावर मी डबा हातात घेतला तर तो हलका लागला.

"टाक कुठे?"

"घरी," हे म्हणाले आणि चपला घालून बाजारात गेले.

आता खेपा चार झाल्यात. घरात यांचा पाय ठरत नाही. मलाही रिकामं देवघर पाहून रडू येतं. पण सकाळी सातला फोन लागतोच.

"पूर्व धरलीस का?"

"धरतोय, बाबा. बोट फिरतेय अजून."

"फिरू दे. जल्दी क्या है?"

आणि पलीकडची घंटा ऐकू येईपर्यंत फोन कानाशी दाबून हे देवघरापुढे येरझारा घालत राहतात.