पायाखालच्या फळ्या

रहाटणीच्या आमच्या बिल्डिंगमधले वरच्या मजल्यावरचे काका चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या सीट बसवतात. त्यामुळे माणूस भेटला की त्यांची नजर आधी त्याच्या पाठीवर जाते. लिफ्टमध्येसुद्धा मला म्हणतात, "ताई, खांदं खाली घ्या." मी मुकाट्याने घेते.

माझी मुलगी सहावीत होती तेव्हाची गोष्ट. डायनिंगच्या खुर्चीवर बसून, लॅपटॉपमध्ये नाक खुपसून ती शाळेचा प्रोजेक्ट करायची आणि मान दुखते म्हणून रोज कुरकुरायची. एकदा काका विरजण मागायला आले. विरजण राहिलं बाजूला. खिशातून टेप काढून त्यांनी तिचा पाय मोजला.

"पाय अधांतरी लोंबत्यात, म्हणून पोर फुडं वाकती. मानंचा काय दोष न्हाई."

संध्याकाळी पॅकिंगच्या लाकडाच्या चार फळ्या घासूनपुसून आणल्या आणि तिच्या पायांखाली एकावर एक रचल्या. मान दुखायची थांबली. मग दर सहा महिन्यांनी काका टेप घेऊन हजर. पोर वाढली की एक फळी काढायची आणि काखोटीला मारून न्यायची.

परवा शेवटची उरली होती. ती बाजूला केली तर मुलीचे पाय सपाट जमिनीला टेकले. मला स्पष्ट दिसत होतं. काकांनी वाकून मोजलं. पुन्हा मोजलं.

"ऱ्हाऊ द्या अजून," टेप खिशात घालत ते म्हणाले. "बोटभर कमी पडतंय."

मुलीने हळूच टाचा बोटभर उचलल्या.