नाक वर केलेली रेघ

रुपयाचं चिन्ह सगळीकडे एकच, असं शाळेत शिकवतात. आमच्या गल्लीत मात्र जितके हात तितकी चिन्हं. भाजीवाली एका फटकाऱ्यात उरकायची, शिंप्याचं गळासारखं वाकडं, आणि डॉक्टरांचं त्यांचं त्यांनाच कळायचं. आमचे शेजारी पेंटरकाका पाट्या रंगवायचे. ते 'र'च्या डोक्यावर दोन आडव्या रेघा मारायचे आणि खालची जाता जाता वर उचलायचे.

"तुमचा पैसा नेहमी नाक वर करून," काकू म्हणायच्या.

"आपल्या घरी यायचं नसतं ना त्याला," काका म्हणायचे.

दुकानांच्या दरांच्या पाटीवर काका ते चिन्ह तेलरंगानं रंगवायचे आणि पुढची जागा खडूच्या आकड्यासाठी मोकळी सोडायचे. दर वाढला की दुकानदार आकडा पुसायचा, चिन्ह तसंच राहायचं. त्यामुळे छातीच्या दुखण्यानं काका गेले, तरी त्यांचा हात बाजारभर शिल्लक होता. घरात मात्र काही नव्हतं. या माणसानं जन्मात कधी बायकोला चार ओळी लिहिल्या नव्हत्या.

मग छापील पाट्या आल्या आणि एकेका दुकानावरून काकांची पाटी उतरली. उरली फक्त न्हाव्याच्या दारातली पाटी. काकूंचे गुडघे धरलेले, दूध कोपऱ्यावरच मिळायचं, तरी त्या दुधासाठी बाजारातून वळसा घेऊन जायच्या. मी रोज कटकट करायचे.

"त्यांचा हात बघून येते गं," एकदा त्या म्हणाल्या.

न्हावी तसा भला माणूस. काकू पाटीपाशी थांबतात हे त्यानं हेरलं, आणि उडालेला रंग बघून त्यांना वाईट वाटत असणार असं परस्पर ठरवूनही टाकलं. एका शब्दानं विचारायला काय झालं होतं त्याला? एका सकाळी मी काकूंबरोबर होते, तर न्हावी हात पुसत बाहेर आला.

"वहिनी, पाटी पार विटली होती. नवा रंग मारून घेतला. दादांची पाटी, अशी कशी ठेवायची?"

दोन्ही आडव्या रेघा पट्टी लावून ओढल्यासारख्या सरळ होत्या. मी त्याला फाडफाड बोलणार होते, पण काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं.

"छान झालीय," त्या म्हणाल्या.

घरी येईपर्यंत त्यांनी मनगट सोडलं नाही. दार लावल्यावर मात्र हमसून हमसून रडल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या कोपऱ्यावरूनच दूध आणू लागल्या.